शिळं ऊन

श्रीधररावांच्या गच्चीवरचं ऊन उगादीच्या, म्हणजे गुढीपाडव्याच्या सुमाराला चोरीला गेलं. पोलिसांत तक्रार देता येत नाही अशी ही चोरी. शेजारचं जुनं घर पाडून तिथे पाच मजले उठले, आणि बेंगळुरात बसवनगुडीतल्या त्यांच्या बैठ्या घरावर सकाळपासून नांदणारं ऊन जेवणं उरकल्यावर तेवढं डोकवायला लागलं. पश्चिमेला देवळाचं मोठं झाड होतंच. उरलंसुरलं ते गिळायचं. दुसऱ्या कुणाचं ऊन गेलं असतं तर त्यानं पापड वाळवायला दुसरी गच्ची धुंडाळली असती आणि विषय संपला असता. पण श्रीधरराव म्हणजे अर्ध्या बसवनगुडीच्या डोक्यावर सोलरच्या टाक्या चढवलेला माणूस. त्यांच्याच टाकीत गार पाणी, म्हणजे हलवायानं शेजाऱ्याकडे साखर मागायला जाण्यातली गत.

नुसतं पाणी गार झालं असतं तर त्यांनी देवाचं नाव घेऊन दोन तांबे अंगावर ओतले असते. पण त्याच सुमाराला बायकोच्या, कृष्णवेणीबाईंच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. टाके सुकल्यावर डॉक्टरांनी बजावलं, गारठा लागता कामा नये, आंघोळीला कडक पाणी घ्या. मुलगा प्रवीणकुमार शहराच्या दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीला एका उंच इमारतीत राहतो. तो म्हणाला, आई पंधरा दिवस आमच्याकडे राहू दे. त्या पंधरा दिवसांचे सहा महिने झाले. बाई तिकडे आणि श्रीधरराव इकडे.

‘अण्णा, एक गीझर लावून टाकू. अर्ध्या दिवसाचं काम,’ प्रवीण म्हणाला.

‘माझ्या घरात गीझर?’ श्रीधररावांनी असं बघितलं, जणू मुलानं देवघरात चपला ठेवू का म्हणून विचारलं.

कृष्णवेणीबाई तरी कमी नव्हत्या. ‘गरम पाणी असेल तिथे माझे गुडघे,’ त्या म्हणाल्या. ‘तुमचं ऊन परत आलं की कळवा.’

झालं. तेव्हापासून श्रीधररावांना जगात एकच गोष्ट हवी होती, बायको घरी यायला हवी होती. आणि एकच गोष्ट जमत नव्हती, गीझर लावणं. हट्टी म्हणाल तर हट्टी. पण तो हट्ट कुठून आला ते ऐकल्याशिवाय म्हाताऱ्याला नावं ठेवू नका.

सोलर यायच्या आधी बेंगळुरात घरोघरी मागच्या दाराला न्हाणीघर असायचं आणि त्यात चुलीवर बसवलेला तांब्याचा मोठा हंडा. आत नारळाच्या शेंड्या, झावळ्या, करवंट्या, जे जळेल ते घालायचं. शनिवारी तेल लावून आंघोळ करायची म्हणजे पहाटेपासून धूर. डोळे चुरचुरायचे, पण त्या पाण्याचा एक वास असायचा, आणि तो वास केसांत दिवसभर राहायचा. श्रीधररावांचं लहानपण त्याच वासात गेलं. कन्नड शाळेत शिकले, सायन्स घेऊन पदवी काढली, आणि सोलरच्या एका कारखान्यात चिकटले. कारखाना चार वर्षांत बसला. श्रीधरराव उभे राहिले. स्वतःच फिटिंग करायला लागले.

स्कूटरच्या मागे काळ्या रंगाची एक पेटी बांधलेली, वर काच, आत पाण्याची नळी. ती पेटी घेऊन गांधी बझारच्या गल्ल्या पालथ्या घालायच्या. लोक म्हणायचे, ऊन काय, फुकटचं आहे, पण विस्तवाशिवाय पाणी तापतं होय? मग श्रीधररावांची टकळी सुरू व्हायची. ‘अक्का, लाकूड म्हणजे काय? वाळवून ठेवलेलं ऊन. झाडानं पंचवीस वर्षं ऊन खाल्लं, अंगात साठवलं. तुम्ही ते चुलीत घातलंत, तर आतून बाहेर काय आलं? तेच ऊन. तुम्ही सांडगे वाळवून ठेवता तसं. आता ताजं मिळतंय तर वाळवलेलं कशाला खायचं?’

कुणी म्हणालं, आम्ही करंटवर तापवतो, तर त्याला दुसरं व्याख्यान. ‘तिकडे रायचूरला कोळसा जाळतात. त्यावर पाणी उकळतात. वाफेनं चाक फिरवतात, चाकातून करंट काढतात, तो करंट तारेवरून एवढ्या लांब बेंगळुरात आणतात. आणि इथे आणून तुम्ही काय करता? परत पाणीच उकळता. शक्ती मरत नाही, नुसता वेष बदलते. पण दर वेषाला शिंपी स्वल्प कापड कापून घेतोच ना? याला म्हणतात द्राविडी प्राणायाम.’ यावर एकदा एक कन्नड गृहस्थ शांतपणे म्हणाले, प्राणायाम तुम्ही वाकडा करणार आणि नाव आम्हा द्रविडांचं का घेता? श्रीधरराव इतके हसले, की त्या गृहस्थांनी टाकी लावून घेतली.

शक्ती हाच त्यांचा शब्द. सून रूपश्री पुण्याची. ती एकदा म्हणाली, ‘बाबा, एनर्जीला मराठीत ऊर्जा म्हणतात. शक्ती म्हणजे पॉवर.’ श्रीधरराव म्हणाले, ‘पुण्यात म्हणत असतील. आमच्या शाळेत शक्तीच होती. दगड गडगडत आला तर त्यात चलन शक्ती, आणि माळ्यावर गप्प बसला असेल तर प्रच्छन्न शक्ती. म्हणजे लपलेली. दिसत नाही, पण खाली बसणाऱ्यानं जपून बसावं.’ कृष्णवेणीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, ‘ह्यांचं सगळंच प्रच्छन्न. प्रेमसुद्धा. मी आपली जपून बसते.’ सगळे हसले. श्रीधररावही हसले, आणि लगेच टाकीच्या वॉशरचं काहीतरी बोलायला लागले. तो माणूसच तसा होता.

पण त्या काळात ही दोघं एकत्र हिंडायची, हे विसरता कामा नये. आंघोळीच्या पाण्याविषयी बायका परक्या पुरुषाशी काय बोलणार? म्हणून नवी नवरी कृष्णवेणी स्कूटरवर मागे बसायची, मांडीवर ती काळी पेटी धरून. घरात शिरली की थेट मागच्या अंगणात. एखाद्या आजीबाईंना पायरीवर बसवायची आणि पेटीतलं तापलेलं पाणी त्यांच्या पायावर हळूहळू ओतायची. ‘बघा अक्का, कसं वाटतं? धूर नाही, फुंकणी नाही.’ आजीबाई डोळे मिटायच्या. तिथे श्रीधररावांच्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा तो एक तांब्या कामाला यायचा. कार्तिकात बसवनगुडीला शेंगांची जत्रा भरते, तिथेही दोघांनी एक वर्ष टेबल मांडलं. दिवसभर ती लोकांच्या हातांवर पाणी घालत होती. संध्याकाळी दोघांनी भाजलेल्या शेंगा खाल्ल्या, आणि स्कूटर पंक्चर झाली म्हणून पेटी दोघांनी मिळून घरी वाहून नेली. ऊन उतरलं तरी पेटी कोमट होती. श्रीधररावांना आजही जत्रा म्हटली की शेंगा आठवत नाहीत, ती कोमट पेटी आठवते.

आणि आठवतो तो पहिला दिवाळसण. सासुरवाडी आनेकलची. जावयानं मोठ्या रुबाबात सासऱ्यांच्या घरावर टाकी बसवून दिली होती. आता आमच्याकडे, म्हणजे बेंगळुराकडच्या सगळ्याच घरांत, नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी नीरु तुंबो हब्ब असतो, पाणी भरायचा सण. हंडा रिकामा करायचा, चिंच लावून लखलखीत घासायचा, ताजं पाणी भरायचं, फुलं वाहायची. पहाटे त्याच पाण्यानं अभ्यंगस्नान. सासूबाई कौशल्याबाईंनी हे सगळं जावयाच्या नव्या टाकीला केलं. संध्याकाळी दिवसभर तापलेलं पाणी हौसेनं सोडून दिलं, टाकी धुतली, ताजं पाणी भरलं, वर झेंडूचा हार. पहाटे जावई तेल माखून पाटावर, आणि पहिला तांब्या पडला तो विहिरीसारखा गार.

हंड्याला चालतं, कारण हंड्याच्या खाली पहाटे विस्तव पेटवता येतो. सूर्याला पहाटे कोण पेटवणार? दिवसाची सगळी कमाई त्या पाण्यात असते. पाणी सोडलं की ती गटारात. हे श्रीधररावांनी तिथल्या तिथे, ओल्या पंच्यानिशी, सगळ्या पाहुण्यांसमोर समजावून सांगितलं. बरोबरच होतं ते. कौशल्याबाई डोळे पुसत स्वयंपाकघरात गेल्या. ‘आईनं टाकीत पाणी नाही, हौस भरली होती,’ एवढं कृष्णवेणी म्हणाली. श्रीधरराव म्हणाले, ‘हौशीनं पाणी तापत नाही.’ पाडव्यापर्यंत ती त्यांच्याशी बोलली नाही. पुढे स्वतःच्या घरी त्यांनी नियमच केला, सणाला टाकी सोडायची नाही, नुसता हार घालायचा. जिथे जिथे टाकी लावली तिथे तिथे हे बजावलं. अजूनही बसवनगुडीत म्हातारे भेटले की थट्टेनं विचारतात, काय श्रीधरराव, हार घालायचा ना नुसता?

असा माणूस. त्यानं गीझर कसा लावावा, तुम्हीच सांगा.

दर रविवारी श्रीधरराव दोन बस बदलून मारतहळ्ळीला जायचे. सोफ्याच्या कडेला पाहुण्यासारखे बसायचे. एकदा रूपश्रीच्या आग्रहानं चार दिवस राहूनही पाहिलं. नळ फिरवला की कढत पाणी, पण ते कुठे तापतं, कशानं तापतं, हे त्या इमारतीत कुणाला विचारलं तर खांदे उडवायचे. श्रीधररावांना त्या पाण्यानं आंघोळ केल्यासारखंच वाटेना. पाचव्या दिवशी ते परतले. नंतर रविवारी यायचे ते बायकोला टाकीचा अहवाल द्यायला. आज इतकं तापलं, पण काल ढग होते. पत्रे लावून बघतोय. कृष्णवेणीबाई ऐकून घ्यायच्या, ‘जेवलात काय सकाळी?’ एवढं विचारायच्या, आणि ते ‘सरी, बरं, येतो’ म्हणून उठायचे. खरं बोलायचं ते सुचायचं बसमध्ये बसल्यावर. मग बसमध्ये सुचून काय उपयोग?

दसऱ्याला त्यांना युक्ती सुचली. म्हणजे जुनीच, पण कंबर कसली. टाकी सरकवून त्यांनी गच्चीच्या उत्तरेच्या कोपऱ्यात नेली. दोन्ही अंगांना प्लायवूडवर चकचकीत पत्रे ठोकून उभे केले, म्हणजे येईल तेवढं ऊन काचेवरच पडावं. तरी दुपारचे ते घटकाभराचे किरण, त्यांनी पाणी कोमटच व्हायचं. पण टाकीला भक्कम कापसाचं अस्तर होतं. कोमट पाणी वापरलं नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याच्यावर आणखी थोडी भर. रात्री थोडं उतरायचं, दुपारी त्याहून थोडं जास्त चढायचं. थेंबे थेंबे तळं साचे, म्हणतात ना, तसं त्यांनी ऊन साठवायला घेतलं. स्वतः गार पाण्यानं आंघोळ करायचे. त्या वयात, ऑक्टोबरात. खोकला झाला. मागच्या खोलीत राहणाऱ्या भागुबाई म्हणाल्या, ‘अण्णा, काढा की एक बादली त्यातली.’ श्रीधरराव म्हणाले, ‘नको, ते वेणीचं आहे.’ मध्ये दोन दिवस परतीचा पाऊस झाला तेव्हा म्हातारा गच्चीवर छत्री घेऊन असा फिरत होता, की कुणाला वाटावं घरात आजारी माणूस आहे.

धनत्रयोदशीच्या आधी त्यांनी नळाखाली हात धरला आणि मागे घेतला. चटका बसला होता. लगेच फोन लावला.

‘वेणी, पाणी तापलं. कडक तापलंय. दिवाळीला ये.’

त्या म्हणाल्या, ‘पाणी तापलं म्हणून येऊ?’

‘हो. बघ तर येऊन.’

‘सरी,’ कृष्णवेणीबाई म्हणाल्या. ‘येते. पाणी बघते, मग राहायचं का ते ठरवते.’

नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी, म्हणजे पाणी भरायच्या सणाच्या सकाळी, त्यांचा परत फोन आला. संध्याकाळी प्रवीण आणून सोडणार होता. ‘अहो, आज पाण्याचा सण. घरात मी नाही म्हणून तसंच ठेवू नका. सगळं घासूनपुसून ताजं पाणी भरा. सणाला शिळं पाणी नको हं घरात.’ एवढंच बोलल्या.

तो शब्द श्रीधररावांच्या डोक्यात शिरला तो शिरलाच. शिळं. त्यांनी घर झाडलं, स्वयंपाकघरातली तांब्याची कळशी घासली, पिण्याचं पाणी बदललं. मग गांधी बझारातून झेंडू आणला. दारावर तोरण, देवाला हार, आणि एक हार टाकीला. हार घेऊन गच्चीवर चढले आणि थबकले. टाकीतलं पाणी दसऱ्यापासूनचं. आपण एक थेंबही काढलेला नाही. म्हणजे शिळंच की. इतक्या महिन्यांनी ही घरी येणार, सणाची आंघोळ करणार, ती काय दसऱ्याच्या शिळ्या पाण्यानं?

आता सांगायलाही लाज वाटते. त्या माणसानं, ज्यानं आयुष्यभर हेच करू नका म्हणून जगाला सांगितलं त्यानं, वाकून टाकीचा खालचा व्हॉल्व्ह सोडला. पाणी धो धो बाहेर पडलं. गच्चीभर वाफ झाली. ते त्यांच्या अनवाणी पायांवरून वाहत होतं, आणि श्रीधरराव तिथे उभं राहून मनाशी म्हणत होते, वा, काय फर्स्ट क्लास तापलंय, वेणी खूश होणार. खालून भागुबाई ओरडल्या, ‘अण्णा, गटारातून वाफ येते, काय चाललंय वर?’ त्यांनी वरून हात हलवला. टाकी दोनदा खळखळून काढली, ताजं पाणी भरलं, हार घातला, दोन पावलं मागे जाऊन बघितलं. छान दिसत होती. मग सवयीनं नळाखाली हात धरला.

ते गच्चीवर खाली बसले. ऊन देवळाच्या झाडामागे गेलं होतं. दसऱ्यापासून पै पै करून साठवलेलं ऊन गटारातून चाललं होतं, आणि ते त्यांनी स्वतःच्या हातानं सोडलं होतं. त्यांना आनेकल आठवलं, कौशल्याबाईंचा तो ओला पदर आठवला. ऊन शिळं होत नाही, हे चौथीतल्या पोराला कळतं. मला काय झालं होतं? भागुबाई वर आल्या तेव्हा श्रीधररावांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

‘येऊ दे की ती,’ भागुबाई म्हणाल्या. ‘माझ्याकडे हीटरची कांडी आहे. बादलीत सोडली की झालं.’

कांडी. करंटवर पाणी तापवायची ती गुंडाळी. श्रीधररावांनी लोकांच्या घरातून अशा कांड्या फेकायला लावल्या होत्या. पण नडलेल्याला कसला पीळ? त्यांनी कांडी आणली, न्हाणीघरात बादलीत सोडली, आणि दार लोटून घेतलं. मनाशी ठरवलं, काही बोलायचं नाही. उष्णता ती उष्णता. कुठून आली हे पाण्याच्या अंगावर लिहिलेलं नसतं. एकदा तिनं राहायचं ठरवलं, की उद्यापासून पुन्हा साठवू.

दिवेलागणीला गाडी आली. कृष्णवेणीबाई प्रवीणचा हात धरून उतरल्या. बरोबर एक छोटी बॅग होती, दोन दिवसांची. श्रीधररावांची नजर आधी बॅगेवर गेली. बाईंनी उंबऱ्यावरून घराकडे नजर फिरवली, तोरण बघितलं, आणि म्हणाल्या, ‘आधी पाय धुते. बघू तुमचं पाणी.’

श्रीधरराव आत पळाले. कांडीचं बटण बंद केलं, ती कपाटामागे ठेवली, बादली बाहेर आणली. बाई मागच्या पायरीवर बसल्या. श्रीधररावांनी स्वतः तांब्या भरून हळूहळू त्यांच्या पायांवर, गुडघ्यांवर पाणी घातलं. बाईंनी डोळे मिटले.

‘छान तापलंय,’ त्या म्हणाल्या. ‘जमवलंत तुम्ही. प्रवीण, बघ, अण्णांनी एवढ्याशा उन्हावर जमवलं.’

‘मग काय, आई इथेच राहणार वाटतं,’ प्रवीण हसून म्हणाला.

म्हणजे जिंकले होते श्रीधरराव. गप्प बसायचं, एवढंच काम होतं. आणि तेवढंच त्यांना जमेना. बाईंच्या चेहऱ्यावर कौतुक होतं, आणि ते कौतुक कांडीला चाललं होतं.

‘वेणी,’ ते म्हणाले, ‘हे पाणी टाकीतलं नाही. भागुबाईंच्या कांडीचं आहे. टाकी गार आहे.’

बाईंनी डोळे उघडले. ‘तापली म्हणालात ना?’

‘तापली होती. हात पोळत होता. आज दुपारी मी सोडून दिली. ताजं पाणी भरलं.’

‘तुम्ही?’ कृष्णवेणीबाईंना खरंच समजेना. ‘तुम्ही टाकी सोडलीत? सणाला?’

‘शिळं पाणी नको म्हणालीस.’

‘अहो, मी पिण्याच्या पाण्याचं म्हणत होते.’

‘हो.’

‘आणि सोडताना गरम लागलं नाही हाताला?’

‘लागलं. पायांवरून वाहत होतं. चांगलं लागत होतं.’ श्रीधरराव रिकाम्या तांब्याकडे बघत होते. ‘तू येणार एवढंच डोक्यात होतं. बाकी काही सुचलंच नाही.’

कृष्णवेणीबाईंना हसू फुटलं. पदर तोंडावर धरला, तरी आवरेना. ‘माझ्या आईला ओल्या पंच्यानिशी व्याख्यान दिलं होतं हो ह्यांनी,’ त्या प्रवीणला म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. भागुबाईंनी दारातून सांगून टाकलं, की अण्णा दसऱ्यापासून गार पाण्यानं आंघोळ करतायत, खोकला त्याचाच आहे. त्यावर बाईंचं हसू थांबलं.

प्रवीणनं घड्याळ बघितलं. ‘आई, मग परवा न्यायला येतो. गरम पाण्याशिवाय इथे कसं—’

‘परवा येताना गीझर आण,’ श्रीधरराव म्हणाले. आवाज नेहमीसारखा नव्हता. ‘कुठलाही आण, लहान, मोठा. भिंतीला भोक पाडा, काही करा.’ मग ते बायकोसमोर पायरीवर बसले, त्यांच्या ओल्या पायांशी. ‘वेणी, तू राहा. पाण्यासाठी नाही. तू नसलीस की मला या घरात करमत नाही. सहा महिने करमलेलं नाही.’

कृष्णवेणीबाईंनी सावकाश एक पाय पुसला, मग दुसरा. पंच्याची घडी केली आणि श्रीधररावांच्या हातात दिली.

‘हे उगादीलाच म्हणाला असतात,’ त्या म्हणाल्या, ‘तर मी गार पाण्यानं आंघोळ केली असती.’